ग्राह्य पुरावा म्हणजे काय, आणि तो न्यायालयात कसा दाखल करावा

न्यायनिर्णयाच्या मधल्या एखाद्या परिच्छेदात ‘सदर दस्तऐवज पुराव्यात ग्राह्य धरता येणार नाही’ असे एक छोटे वाक्य असते आणि पक्षकाराची काही वर्षांची धडपड पुष्कळदा त्याच वाक्यापाशी अडते. दस्तऐवज खोटा आहे, असे न्यायाधीश तेथे म्हणत नसतात. तो खरा असेलही. त्यांचे म्हणणे एवढेच असते की कायद्याने आखून दिलेल्या मार्गाने तो त्यांच्यासमोर आलेला नाही, आणि म्हणून त्याचा विचार करण्याची त्यांना मुभा नाही.

ग्राह्य पुरावा म्हणजे ज्याचा विचार करण्याची परवानगी कायदा न्यायालयाला देतो तो पुरावा. एखाद्या कागदाबाबत चार वेगळे प्रश्न विचारावे लागतात आणि ते एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो. वादातील मुद्द्याशी त्याचा संबंध आहे का, हा पहिला. संबंध असूनही कायद्याची एखादी तरतूद त्याला अडवते का, हा दुसरा, आणि ग्राह्यतेचा खरा प्रश्न हाच. तो कोणी आणि कसा शाबीत केला, हा तिसरा. शाबीत झाल्यावर त्यावर किती विश्वास ठेवायचा, म्हणजे त्याचे वजन किती, हा चौथा. पक्षकार बहुधा चौथ्या प्रश्नाची तयारी करून येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नावर हरतो.

हे नियम आज भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये आहेत. तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि १८७२ चा भारतीय पुरावा कायदा रद्द झाला. मात्र त्या तारखेला जी प्रकरणे प्रलंबित होती ती नव्या कायद्याच्या कलम १७० नुसार जुन्याच कायद्याने चालतात. त्यामुळे आपले प्रकरण कोणत्या तारखेचे आहे हे आधी पाहावे आणि मगच कलमांचे आकडे अर्जात लिहावेत. पुढे दुसऱ्या कायद्याचे नाव न घेता दिलेली कलमे या नव्या साक्ष्य अधिनियमाची आहेत. पुरावा ग्राह्य आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कलम १४१ ने न्यायाधीशांना दिला आहे, आणि पुरावा देऊ पाहणाऱ्या पक्षाला ‘हे तथ्य शाबीत झाले तर ते संबद्ध कसे ठरेल’ असा प्रश्न न्यायाधीश त्याच कलमाखाली विचारू शकतात. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर तो कागद दाखल करण्याची घाई करू नये.

पुढील पायऱ्या हवेत राहू नयेत म्हणून एक कल्पित प्रकरण घेऊ. नवी मुंबईतील कोपरखैरण्यात एक सदनिका ११ महिन्यांसाठी, दरमहा २२,००० रुपये भाड्याने, लिव्ह अँड लायसन्सवर दिली. भाडेकरूच्या म्हणण्याप्रमाणे अनामत १,५०,००० रुपये होती. त्यातील एक लाख बँकेतून आणि पन्नास हजार रोख दिले. घर सोडल्यावर मालक म्हणतो की अनामत पन्नास हजारच होती आणि तीही घराच्या नुकसानीपोटी वळती झाली. भाडेकरूपाशी ५०० रुपयांच्या मुद्रांकावरचा, नोटरी केलेला पण नोंदणी न झालेला करार आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आहेत. मालकाशी झालेल्या फोनचे ध्वनिमुद्रण आहे. आणि सामान नेतानाचे चित्रण सोसायटीच्या सीसीटीव्हीत आहे.

पहिली पायरी: आपण कोणासमोर जाणार आहोत?

पुराव्याचे नियम सगळीकडे सारख्या कडकपणे लागू होत नाहीत. दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांत साक्ष्य अधिनियम पूर्णपणे लागू असतो. लवादाला तो लागू नाही, असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे. कौटुंबिक न्यायालयाला १९८४ च्या अधिनियमाच्या कलम १४ ने मोठी मोकळीक दिली आहे: वादाचा निकाल लावण्यास मदत होईल असे वाटल्यास, एरवी ग्राह्य नसलेला अहवाल, निवेदन किंवा दस्तऐवजही ते स्वीकारू शकते. ग्राहक आयोगाचे काम मुख्यतः प्रतिज्ञापत्रे आणि कागदपत्रे यांवर चालते. म्हणून ग्राहक आयोगात चालून गेलेला कागद दिवाणी दाव्यात जसाच्या तसा चालेल, असे गृहीत धरू नये.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग बोलण्यात नवी मुंबईत मोजला जात असला तरी तो रायगड जिल्ह्यात आहे आणि तेथील वाद पनवेलकडे जातात. चुकीच्या ठिकाणी दाखल झालेला दावा परत येईपर्यंत सीसीटीव्हीचे चित्रण पुसले गेलेले असते, म्हणून पुराव्याच्या लेखातही हे सांगणे भाग आहे.

दुसरी पायरी: मुद्दे लिहा, मग प्रत्येक कागद मुद्द्याला जोडा

एका कोऱ्या कागदावर डावीकडे वादाचे मुद्दे लिहावेत. आपल्या उदाहरणात ते तीन आहेत: अनामत किती दिली, घर कोणत्या तारखेला आणि कोणत्या स्थितीत परत केले, आणि कपातीचा हक्क मालकाला होता का. उजवीकडे प्रत्येक मुद्द्यापुढे कागद किंवा साक्षीदार लिहावा. ज्या कागदाला कोणताच मुद्दा मिळत नाही, उदाहरणार्थ मालकाचे आधीच्या भाडेकरूशीही भांडण झाले होते असे दाखवणारे संदेश, तो बाजूला ठेवावा. कलम ३ प्रमाणे वादातील तथ्ये आणि कायद्याने संबद्ध ठरवलेली तथ्ये यांचाच पुरावा देता येतो. माणूस स्वभावाने वाईट आहे, हे दिवाणी दाव्यात सहसा संबद्ध नसते, आणि पक्षकारांना नेमके तेच सांगायचे असते.

याच कागदावर तिसरा रकाना करावा: हा कागद कोण शाबीत करणार? या रकान्यात एखाद्या माणसाचे नाव आले पाहिजे. ‘कागद स्वतःच बोलतो’ हे वाक्य युक्तिवादात चालते. कागदाखालची सही ओळखायला मात्र कोणीतरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावेच लागते.

तिसरी पायरी: कायद्याचे अडसर तपासा

संबद्ध असूनही पुरावा अडतो तो मुख्यतः पुढील कारणांनी.

ऐकीव साक्ष हे त्यांपैकी सर्वांत नेहमीचे. कलम ५५ नुसार तोंडी पुरावा थेट असावा लागतो. पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्याने आणि ऐकलेली गोष्ट ऐकणाऱ्याने सांगावी. सामान ३० तारखेला गेले हे सोसायटीच्या रखवालदाराने पाहिले असेल, तर त्याच्याकडून ते ऐकलेल्या भाडेकरूच्या भावाची साक्ष उपयोगाची नाही; रखवालदारालाच समन्स काढावे लागेल. तो नोकरी सोडून गावी गेला असेल तर पत्ता आत्ताच शोधावा.

दुसरा अडसर लेखी कराराविरुद्धच्या तोंडी पुराव्याचा. अटी लेखी झाल्यावर त्या बदलणारा किंवा त्यांत भर घालणारा तोंडी पुरावा कलम ९४ आणि ९५ रोखतात. फसवणूक, दबाव यांसारखे अपवाद त्यांना आहेत. ‘रंगकामाचे पैसे अनामतीतून कापायचे असे तोंडी ठरले होते’ असे मालक म्हणू लागला आणि करारात तसे काही नसेल, तर हरकत घ्यायची जागा हीच.

तिसरा अडसर तडजोडीच्या बोलण्यांचा आहे. पुरावा म्हणून वापरायचे नाही या स्पष्ट अटीवर, किंवा तसे परस्परांत ठरले होते असे दिसणाऱ्या परिस्थितीत, दिवाणी बाबीत दिलेली कबुली कलम २१ प्रमाणे संबद्ध ठरत नाही. मालकाने ‘हक्क अबाधित ठेवून, केवळ तडजोडीसाठी’ असे लिहून सत्तर हजार देऊ केले असतील, तर त्या संदेशावर दाव्याची इमारत उभी करता येणार नाही. तशी अट न घालता ‘सत्तर पाठवतो, बाकी पुढच्या महिन्यात’ असे लिहिले असेल तर गोष्ट अगदी वेगळी होते. ती चक्क कबुली आहे.

पती-पत्नींमधील आणि वकील-अशील यांच्यातील संवादांना अनुक्रमे कलम १२८ आणि १३२ चे संरक्षण आहे. पती-पत्नीतील फोनच्या गुप्त ध्वनिमुद्रणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने विभोर गर्ग प्रकरणात जुलै २०२५ मध्ये निर्णय दिला आणि वैवाहिक वादात असे मुद्रण ग्राह्य धरले.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. पुरावा चोरून किंवा नियम मोडून मिळवला म्हणजे तो आपोआप अग्राह्य होतो, असा नियम भारतात नाही. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनवरील संभाषणाचे ध्वनिमुद्रण ग्राह्य मानले, आणि पुढच्याच वर्षी पूरन मल प्रकरणात अवैध झडतीत मिळालेला पुरावाही केवळ त्या कारणाने बाद होत नाही असे सांगितले. पुरावा मिळवताना केलेल्या बेकायदा कृत्याबद्दल वेगळी कारवाई होऊ शकते, हे मात्र विसरू नये.

चौथी पायरी: कागदाचे मूळ, मुद्रांक आणि नोंदणी

कलम ५९ चा नियम असा की दस्तऐवज प्राथमिक पुराव्याने, म्हणजे मूळ कागद हजर करून, शाबीत करावा. प्रत चालते, पण कलम ६० मध्ये दिलेल्या कारणांसाठीच: मूळ कागद विरुद्ध पक्षाकडे आहे आणि नोटीस देऊनही तो हजर करत नाही, मूळ हरवले किंवा नष्ट झाले, ते सार्वजनिक दस्तऐवज आहे, इत्यादी. ज्याला प्रत दाखल करायची आहे त्याने आधी हे कारण साक्षीने मांडावे लागते. वकील त्याला पाया घालणे म्हणतात. मूळ करार मालकाकडे असेल तर कलम ६४ ची नोटीस आधी द्यावी, तिची पोहोच जपून ठेवावी आणि मगच झेरॉक्स दाखल करावी. ठाण्याच्या कोर्टनाक्यावर झेरॉक्सवर ‘ट्रू कॉपी’चा शिक्का मारून घेतला की ती ग्राह्य झाली, ही समजूत इतकी रुळली आहे की तिच्यावर बोलण्याचाही कंटाळा येतो. नोटरीने प्रत मूळ कागदाशी ताडून पाहिली एवढेच तो शिक्का सांगतो; मूळ का हजर केले नाही याचे उत्तर त्यात नसते.

सातबारा, फेरफार, सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश देणारा उतारा) यांसारख्या सार्वजनिक अभिलेखांचे मूळ आणण्याची गरज नसते. सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल पुरते. सातबाऱ्यावरील नोंद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी मानली जाते. पण हे अनुमान आहे, मालकी हक्काचा दाखला नव्हे. गावठाणातील घरे आणि साडेबारा टक्के योजनेतील (संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेले) भूखंड यांच्या वादांत हा फरक वारंवार आडवा येतो. तेथे दुसरी अडचण कुलमुखत्यारपत्रांची असते: मुखत्यारपत्र आणि साठेकरार यांच्या जोडीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता मुद्रांक. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ नुसार पुरेसा मुद्रांक नसलेला दस्तऐवज दिवाणी न्यायालयात पुराव्यात घेता येत नाही. आपल्या उदाहरणात ११ महिन्यांचे भाडे २,४२,००० रुपये होते. परत करावयाच्या अनामतीवर दरसाल १० टक्के दराने ११ महिन्यांचे व्याज १३,७५० रुपये धरावे लागते. या २,५५,७५० रुपयांवर ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ६४० रुपये शुल्क येते. मुद्रांक ५०० चा आहे. म्हणजे दीडशे रुपयांच्या आतली तूट दीड लाखाच्या दाव्यात आडवी येऊ शकते. सुदैवाने हा दोष दुरुस्त होतो: तुटीची रक्कम आणि तीवर दरमहा २ टक्के दराने दंड भरल्यावर दस्तऐवज घेता येतो. हे काम साक्षीच्या दिवशी धावपळ करून करण्याऐवजी आधीच उरकावे. फौजदारी खटल्यात मुद्रांकाची ही अडचण येत नाही.

नोंदणीचा प्रश्न याहून वेगळा आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे ज्यांची नोंदणी सक्तीची आहे ते दस्तऐवज नोंदणीशिवाय स्थावर मालमत्तेवरील हक्काचा पुरावा म्हणून कलम ४९ मुळे घेता येत नाहीत. आनुषंगिक बाबींसाठी आणि करारपूर्तीच्या दाव्यात ते चालतात. लिव्ह अँड लायसन्सच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ पाहावे. करार लेखी असण्याची आणि नोंदवण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली आहे, आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध शाबीत होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदणी झाली नाही म्हणून आपली बाजू लंगडी झाली असे भाडेकरूला वाटत असते; प्रत्यक्षात अनामतीच्या आकड्याबाबत कायदा त्याच्याच बाजूला झुकलेला असतो. नोटरीवर भागवणाऱ्या मालकांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावे.

पाचवी पायरी: मोबाइल, सीसीटीव्ही आणि बँकेचे उतारे

आज सर्वाधिक पुरावा येथेच बाद होतो, म्हणून येथे थांबून पाहू.

इलेक्ट्रॉनिक अभिलेख केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येणार नाही, असे कलम ६१ म्हणते. पण त्याची छापील प्रत, पेन ड्राइव्ह किंवा सीडी दाखल करायची तर कलम ६३ च्या अटी पाळाव्या लागतात. त्यांतील कळीची अट प्रमाणपत्राची. जुन्या कायद्यात हेच कलम ६५-ब होते आणि प्रमाणपत्र बंधनकारक आहे की नाही यावर बराच काळ मतभेद होते. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या निर्णयाने ते बंधनकारक ठरवले, आणि २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते पक्के केले. हे प्रकरण आपल्या जालन्याचे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत संपल्यावर घेतले गेले का, हे निवडणूक कार्यालयातील चित्रणावरून दाखवायचे होते आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नव्हते. न्यायालयाने दोन व्यवहारोपयोगी गोष्टी सांगितल्या: मूळ उपकरणच हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही, आणि उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात असून तो प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते.

नव्या कायद्याने प्रमाणपत्राचा नमुनाच अनुसूचीत दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत: भाग अ पुरावा देणाऱ्या पक्षाने भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने. त्यात उपकरणाचा प्रकार, कंपनी आणि मॉडेल, रंग, अनुक्रमांक, मोबाइल असल्यास आयएमईआय क्रमांक, आणि फाइलचे हॅश मूल्य कोणत्या पद्धतीने काढले हे लिहावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली ओळख. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ अक्षर-अंकांची येते. विंडोज संगणकावर सर्टयुटिल या आज्ञेने ती घरच्या घरी काढता येते. फाइलचे नाव बदलल्याने हॅश बदलत नाही; पण चित्रणाच्या सुरुवातीचे दोन सेकंद कापले, तर ती ओळख पूर्णपणे बदलते.

यावरून आपल्या भाडेकरूने काय करावे ते पाहू. ज्या मोबाइलवर मूळ संदेश आणि ध्वनिमुद्रण आहे तो विकू नये, रीसेट करू नये, दाव्याचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवावा. स्क्रीनशॉट काढावेत, पण केवळ त्यांवर विसंबू नये. संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करावे, कारण मधलेच चार संदेश उचलून दाखवले की उलटतपासात पहिला प्रश्न ‘त्याआधी काय लिहिले होते?’ हाच येतो. छायाचित्रे आणि चित्रफिती व्हॉट्सअ‍ॅपवरून वकिलाला पाठवल्या की त्या आकुंचित होतात आणि हॅश जुळत नाही. त्या केबलने थेट संगणकावर घ्याव्यात. हॅश त्याच वेळी काढून तारीख-वेळेसह लिहून ठेवावे आणि त्यानंतर फाइलला हात लावू नये.

ध्वनिमुद्रणाला प्रमाणपत्राखेरीज आणखी गोष्टी लागतात. राम सिंग विरुद्ध कर्नल राम सिंग (१९८५) या निर्णयाप्रमाणे आवाज कोणाचा आहे हे ओळखवून द्यावे लागते, फेरफाराची शक्यता दूर करावी लागते, मुद्रण सुरक्षित ताब्यात असावे लागते आणि ते स्पष्ट ऐकू आले पाहिजे. सोबत शब्दशः लिखित प्रत द्यावी. मालक मराठी-हिंदी मिसळून बोलला असेल तर तसेच लिहावे. सुधारून लिहिलेली प्रत संशय वाढवते.

सीसीटीव्हीचा ताबा सोसायटीकडे असतो, त्यामुळे भाग अ वर सही डीव्हीआरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) देखरेख करणाऱ्याची हवी. सचिवाच्या मोबाइलने पडद्यावरून काढलेली चित्रफीत म्हणजे प्रतीची प्रत, आणि तिला प्रमाणपत्र देणेच अवघड. जुने चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून, ते जतन करण्याची लेखी मागणी लगेच करावी आणि दुसऱ्या प्रतीवर सोसायटीची पोहोच घ्यावी. सोसायटीने दाद दिली नाही तर ही पोहोचच न्यायालयातील अर्जाचा आधार होते.

बँकेतून दिलेल्या एक लाखासाठी यूपीआयचा स्क्रीनशॉट पुढे करू नये. बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट, १८९१ नुसार बँकेने प्रमाणित केलेला उतारा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून ग्राह्य असतो. संगणकीय छापील उताऱ्यासोबत कलम २-अ ची प्रमाणपत्रे घ्यावीत. शाखेत ‘कोर्टासाठी प्रमाणित स्टेटमेंट’ असे लेखी मागावे. नुसता गोल शिक्का पुरेसा नाही. रोख दिलेल्या पन्नास हजारांसाठी मात्र करारातील उल्लेख आणि देताना हजर असलेला माणूस, एवढेच उरते.

सहावी पायरी: दाखल करणे, निशाणी आणि हरकत

दाव्यासोबत दस्तऐवज यादीने कागद दाखल करावेत आणि मूळ कागद मुद्दे निश्चित होण्यापूर्वी न्यायालयात यावेत, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. त्यानंतर विरुद्ध पक्षाला दस्तऐवज मान्य करण्याची नोटीस द्यावी. त्याने पुरसिस, म्हणजे न्यायालयात लेखी निवेदन, देऊन काही कागद मान्य केले तर साक्षीचा बराच भार हलका होतो. सरतपासाचे (आपल्या साक्षीदाराच्या मुख्य साक्षीचे) प्रतिज्ञापत्र दाखल करताना कागदांचा केवळ उल्लेख करून भागत नाही. त्यांची शाबिती आणि ग्राह्यता न्यायालयाच्या आदेशावर अवलंबून राहते.

शाबीत झालेल्या कागदाला निशाणी (एक्झिबिट) क्रमांक मिळतो. जो अजून शाबीत व्हायचा आहे त्याला ओळखीपुरते आर्टिकल म्हणून चिन्ह देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. निशाणी पडली म्हणजे आतील मजकूर सिद्ध झाला असे नाही; सर्वोच्च न्यायालयाने हे १९७१ मध्येच सांगितले आहे.

हरकतीची वेळ फार महत्त्वाची. व्यंकटाचल गौंडर प्रकरणात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने हरकतींचे दोन वर्ग केले. कागद मुळातच अग्राह्य असेल तर ती हरकत नंतरही, अगदी अपिलातही घेता येते. पण शाबितीची पद्धत चुकली, म्हणजे मूळऐवजी झेरॉक्स आली, अशी हरकत कागद पुढे येतो त्याच क्षणी घ्यावी लागते. तेव्हा गप्प बसल्यास ती सोडून दिली असे मानतात. मुद्रांकाची हरकतही निशाणी पडण्यापूर्वीच घ्यावी, कारण एकदा दस्तऐवज पुराव्यात घेतला गेला की त्याच दाव्यात ती पुन्हा काढता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हेमेंद्र घिया प्रकरणात २००८ मध्ये हीच मांडणी ठेवून, कोणती हरकत जागीच ठरवायची आणि कोणती अंतिम निकालापर्यंत राखून ठेवता येते, हे सांगितले आहे.

हरकत तोंडी घेऊन थांबू नये. साधारण अशा शब्दांत ती नोंदवून घ्यावी: ‘सदर छायाप्रतीस निशाणी देण्यास प्रतिवादीची हरकत आहे, मूळ दस्तऐवज हजर केलेला नाही आणि दुय्यम पुराव्यासाठी कायद्याने आवश्यक पाया घातलेला नाही.’ केवळ ‘हरकत आहे’ असे लिहिल्यास ती कशाबद्दल होती हे अपिलात कोणालाच सांगता येत नाही.

फौजदारी प्रकरणात वेगळे काय?

पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही (कलम २३). मात्र कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर त्या शोधाशी स्पष्ट संबंध असलेला भाग तेवढा ग्राह्य होतो. ‘मी त्याला मारले आणि सुरा खाडीपुलाखाली टाकला’ या वाक्यातील पहिला अर्धा भाग बाद आणि दुसरा, सुरा सापडल्यास, ग्राह्य. पुलुकुरी कोटय्या या १९४७ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयापासून हा नियम तसाच चालत आला आहे.

पोलिसांनी तपासात नोंदवलेला साक्षीदाराचा जबाब मूळ पुरावा नसतो. न्यायालयात त्याने वेगळे सांगितले तर विसंगती दाखवण्यासाठी तो वापरतात. पंचनाम्याचेही तसेच: पंचाने येऊन साक्ष दिली पाहिजे. मृत्युपूर्व जबाब हा ऐकीव साक्षीच्या नियमाचा मोठा अपवाद असून कलम २६ खाली तो ग्राह्य आहे, आणि डॉक्टरचे शुद्धीत असल्याचे प्रमाणपत्र नाही एवढ्याच कारणाने तो फेकून देता येत नाही, असे लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००२) या घटनापीठाच्या निर्णयाने ठरवले. संमतीशिवाय केलेल्या नार्को चाचणीचे निष्कर्ष मात्र ग्राह्य नाहीत. सेल्वी प्रकरण, २०१०.

न्यायालयाने कागद नाकारला तर

ग्राह्य कागद चुकीने नाकारला गेला किंवा अग्राह्य कागद चुकीने घेतला गेला, एवढ्यावर निकाल फिरत नाही. तो पुरावा वगळून किंवा धरूनही निकाल तसाच लागला असता का, हे अपील न्यायालय कलम १६९ प्रमाणे पाहते. त्यामुळे अपिलात ‘कागद घ्यायला हवा होता’ एवढे म्हणून थांबू नये. तो घेतला असता तर कोणत्या मुद्द्याचे उत्तर बदलले असते, हे दुसऱ्या पायरीतील त्या तीन रकान्यांच्या कागदावरून दाखवावे. घ्यायला हवा असलेला पुरावा खालच्या न्यायालयाने नाकारला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम २७ खाली तो अपिलात दाखल करण्याची परवानगी मागता येते. दिवाणी न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यावर (डिक्रीवर) जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची असते आणि नक्कल मिळण्यास लागलेला वेळ त्यातून वगळला जातो. म्हणून निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात अर्ज द्यावा, आणि त्यात न्यायनिर्णय व हुकूमनाम्याबरोबर हरकत नोंदवलेल्या तारखेचा रोजनामा (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद), निशाणी यादी आणि कागद नाकारल्याचा आदेश यांचीही मागणी करावी.